लिचीखालची सावली

मोरामांगाच्या स्टँडवर गाडी भरल्याशिवाय ड्रायव्हर जेवणावरून उठत नाही. लिचीखाली सावली एका माणसापुरती. तिथे वहिनी बसलेली, आणि नणंद कोंबड्यांची टोपली घेऊन उन्हात.

"वहिनी, पान पडलं."

"पडणारच. झाड आहे ते."

"हे बघ, दुसरं. दोन्ही तुझ्याच डोक्यावर."

"मग?"

"वर फांद्रेफियाला साप असेल. तो आधी पानं टाकून नेम बघतो, मग शेपूट भाल्यासारखं खाली करून सरळ अंगावर पडतो. आईने शिकवलं नाही तुला?"

"त्याच्या विषाने म्हणे कोंबडीसुद्धा मरत नाही."

"भाल्याला विष लागतं का?"

"अगं बाई! सरा, उठू द्या मला!"

"ये, बस इथे. टोपली धर."

"आणि तुम्ही कुठे निघालात, वन्सं?"

"सावलीत."

"अहो, साप?"

"त्याने नेम तुझा धरलाय. माझ्यासाठी त्याला पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात करावी लागेल."

"धन्य आहे तुमची!"

"आहाहा, काय गार वाटतंय."

"वन्सं…"

"आता काय?"

"पहिलं पडलं. तुमच्या मांडीवर."

"सरक गं वहिनी, मलाही जागा कर."