हेल्काचे आठ आठवडे

हॅलो?… हो ओत्सो, साइमीच बोलतेय. बोल… ऐकू येतंय रे, पण तू चालतोयस का? पायाखाली खडी वाजतेय… थांब जरा, मी खोलीत जाते. इनारीचं पाव भाजणं चाललंय, ओव्हनच्या पंख्याचा आवाज आहे… हं. आता बोल.

सभा चार वाजता. आत्ता तीन वीस झालेत… ऑनलाइन सभेची लिंक पिहलाने पाठवलीय सगळ्यांना. आता विद्यार्थी संघटनेची अध्यक्ष ती आहे बाबा, मला कशाला विचारतोस?… "माजी अध्यक्षीणबाई" म्हणू नकोस. आज तरी नको.

अहवाल? वाचला… बावीसच्या बावीस पानं वाचली. का?

म्हणजे? तू बोलणार म्हणजे काय बोलणार?… सहाव्या विषयावर? अरे, सहाव्या विषयावर कोणी बोलत नाही. सभा चालवणारा विचारतो, दोन हजार वीसच्या कार्यकारिणीला जबाबदारीतून मुक्त करायचं का? सगळे हो म्हणतात आणि आपण सुटतो. आपण निवडून आलो तेव्हा आधीच्यांना असंच सोडलं ना? दीड मिनिट लागलं होतं. तू तर तेव्हा बिस्किट खात होतास.

हेल्काबद्दल?

नाही. नाही ओत्सो, ऐक… अरे ऐक ना. ती आजारी पडली ते तुझ्यामुळे नाही. तू पहिल्या वर्षाच्या मुलांचा प्रमुख होतास, डॉक्टर नव्हतास… हो. माहीत आहे मला. तिची बहीण काजानीहून गाडी घेऊन आली, तेव्हा हेल्का तीन आठवडे खोलीबाहेर पडली नव्हती. माहीत आहे… नऊ किलो वजन उतरलं. तेही माहीत आहे. मला आकडे सांगू नकोस.

मग तू कसली माफी मागणार? ऑक्टोबरपासून दर सोमवारी मुलांना प्रश्न जायचा, आठवडा कसा गेला. हिरवं बटण म्हणजे ठीक. पिवळं म्हणजे ढकलतोय. लाल म्हणजे फोन करा. उत्तरं माझ्या तक्त्यात यायची, आणि ज्यांना फोन करायचा त्यांची यादी मी तुला द्यायचे. लाल असलेले, दोनदा पिवळे झालेले, दोन आठवडे गप्प असलेले. हो ना? त्या यादीत हेल्काचं नाव एकदाही नव्हतं. तू यादीतला एक तरी फोन चुकवलास का?… आजोबांच्या अंत्यविधीच्या दिवशीसुद्धा केलेस. मला आठवतंय.

"हिरव्याच्या मागचं ओळखायला हवं होतं." कसं ओळखणार होतास? अडुसष्ट मुलं, त्यातली निम्मी तू कधी प्रत्यक्ष पाहिलेली नाहीस. कोरोनामुळे संघटनेची खोली बंद. सप्टेंबरात एक संध्याकाळ तळ्याकाठी सॉसेज भाजले, तेही दहा-दहाच्या टोळ्या करून. आपण सौनाच्या, वाफेच्या अंघोळीच्या सहलींसाठी निवडून आलो होतो, ओत्सो. मे महिन्याच्या धमालीसाठी. तू तर भाषणात सांगितलं होतंस, यंदा तंबूत कॉफी गरम मिळेल. तेवढंच वचन होतं तुझं.

काय?… कधी?… काल? तू तिला काल फोन केलास?… नाही, नाही, माझी परवानगी कशाला. बरोबर आहे. फक्त… कशी आहे?

बोलते म्हणजे नीट बोलते?… शाळेच्या स्वयंपाकघरात. अच्छा. रोज जाते?… चांगलं आहे. चांगलं आहे की.

हो. तिला अहवाल गेला असणारच. ती अजून सभासद आहे, सगळ्या सभासदांना जातो… कुठलं वाक्य?

…हो. "एका विद्यार्थिनीने आपण ठीक असल्याचे दर आठवड्याला स्वतः कळवले होते." सतरावं पान.

काय म्हणाली?

परत सांग.

ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारनंतर… एकदाही नाही.

आहे, आहे. मी ऐकतेय.

आजारपणात विसरली असेल, असं तुला वाटतं… म्हणजे तुझं म्हणणं, तिने बटण दाबलं, पण आता तिला आठवत नाही. आणि तरीही तू उभा राहून चूक आपली म्हणणार. का?… कोणीतरी म्हणायला हवं म्हणून. अरे देवा, ओत्सो.

तू आत्ता कुठे आहेस?… पुलाजवळ बाक आहे ना, बस त्याच्यावर… ओला असू दे. बस म्हणते ना.

ती विसरलेली नाही.

तिने नाही दाबलं बटण. एकदा दाबलं, पाच ऑक्टोबरला. नंतर आठ आठवडे काहीच नाही. ती खरं बोलतेय. तक्ता खोटा होता.

कोणी केला म्हणजे? मी… नाही, रंग हाताने नाही बदलले. ऐक, सांगते. ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी प्रश्न पाठवणारा प्रोग्राम अर्धा दिवस बंद पडला होता, आठवतंय? निम्मी उत्तरं आलीच नाहीत. बुधवारी विद्यापीठाला आलेख दाखवायचा होता. तो दरीत कोसळल्यासारखा दिसत होता. म्हणून मी एक सूत्र टाकलं. चौकट रिकामी असेल तर मागच्या आठवड्याचं उत्तर धर. प्रयोगशाळेत तापमानाची एक नोंद सुटली तर मागची धरतो ना आपण, तसं. एका आठवड्यापुरतं. मग काढायचं राहिलं.

हो. म्हणजे जो गप्प झाला, त्याचा शेवटचा रंग पुढे जात राहिला. दर सोमवारी… हो, गप्प असलेल्यांची यादी मी त्याच तक्त्यावरून काढायचे. त्यात कोणी सापडलं नाही. सगळे बोलतायत असंच दिसत होतं. मी खूश होते. विद्यापीठवाले म्हणाले, इतका चांगला प्रतिसाद कुठल्याच संघटनेला नाही. मला शंका यायला हवी होती. खऱ्या मोजमापात इतकी सरळ रेघ कधी येत नाही, हे मी पहिल्या वर्षाच्या पोरांना प्रयोगाच्या तासाला शिकवते.

ओत्सो?

…मला कधी कळलं?

जानेवारीत. पिहलाला तक्ता सोपवायचा म्हणून साफ करत होते. ते सूत्र दिसलं, पुसलं, आणि सगळा तक्ता भोकाभोकांचा झाला. अडुसष्ट ओळी. मोजलं मी. एकोणीस जण दोन आठवड्यांहून जास्त गप्प होते. एकेकाची चौकशी केली, अठरा ठीक निघाले. कुणाचा फोन बदललेला, कुणी आपल्या प्रश्नाला कंटाळलेला, तिघं तर आईच्या घरी जाऊन बसले होते. एकोणिसावी ती.

हो, जानेवारीत. आता मार्च संपत आला. मला महिने मोजता येतात.

ओरड. भिंती पातळ आहेत, पण ओरड तू.

…हो.

…हो, तेही खरं आहे.

नाही, तिच्या आईला तू काय म्हणालास ते मला माहीत नव्हतं… केव्हा, डिसेंबरात? हॉस्पिटलच्या बाहेर?… "ती स्वतःच ठीक आहे म्हणत होती." असं म्हणालास तू… मला माहीत नव्हतं. तू कधी सांगितलं नाहीस. म्हणजे माझ्या तक्त्यावर विश्वास ठेवून तू तिच्या आईला सांगितलंस की तुमची मुलगी खोटं बोलत होती.

का नाही सांगितलं? पहिल्या दिवशी भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सांगायचं, तर काल का नाही सांगितलं हेही सांगावं लागलं असतं. मग रोज त्यात एक दिवस वाढत गेला. याहून मोठं कारण नाही रे. असतं तर दिलं असतं.

ते वाक्य? माझंच आहे. डिसेंबरात लिहिलं, तेव्हा खरं वाटत होतं. फेब्रुवारीत अहवाल पक्का केला, तेव्हा खोटं आहे हे ठाऊक होतं. काढलं नाही. एकच वाक्य आहे, कोण वाचणार, असं वाटलं… हो. ज्यांनी वाचायला नको होतं, नेमकं त्यांनीच वाचलं.

मिनिटभर थांब… काय गं? नाही, मला पाव नको. नंतर. दार लाव ना, इनारी… हं. बोल.

तू बोलू नयेस म्हणून मघाशी अडवत होते, ते तुला वाचवायला नव्हतं. तू उभा राहिलास की मला उभं राहावं लागणार होतं. तेवढंच होतं ते… आता राहीन. लिहून ठेवलंय मी, दहा दिवस झाले. बाकी सहाजणांना मुक्त करा, मला करू नका, आणि सतराव्या पानावरचं वाक्य खोडा. तीन ओळी आहेत. वाचून दाखवू?

का नको?

कोणासाठी म्हणजे? तिच्यासाठी… माझ्यासाठी? मला त्यात काय मिळणार आहे? चाळीस लोकांसमोर…

…

हं. चाळीस लोक ऐकतील, म्हणतील किती प्रामाणिक आहे, आणि तिला चार दिवसांनी इतिवृत्तातून कळेल. हो. हा विचार मी केला नव्हता. खरंच नव्हता.

अजून काय म्हणाली ती? मघाशी तू काहीतरी गिळलंस… गिळलंस. सांग.

"मुद्दाम थांबले. म्हटलं, बघू कोणाच्या लक्षात येतं."

असंच म्हणाली? ह्याच शब्दांत?

…

नाही, रडत नाहीये. थांब जरा.

म्हणजे आठ सोमवार ती वाट बघत होती. दर सोमवारी प्रश्न यायचा, ती उत्तर द्यायची नाही, आणि कोणी फोन करत नव्हतं. तिला वाटलं, सगळ्यांना दिसतंय. आम्हाला दिसतंय आणि आम्ही करत नाही. आणि अजूनही तिला तेच वाटतंय… कालही तू तिला सांगू शकला नाहीस, कारण तुला माहीत नव्हतं. मला होतं.

आता? आता कसं, ओत्सो? तीन अठ्ठेचाळीस झाले. बारा मिनिटं आहेत… बारा मिनिटांत कोणी असं सांगतं का?… हो, पण सभा…

उशिरा येऊ? माझ्याशिवाय सुरू करतील?… करतील म्हणा. सहावा विषय आहे. आधी सभा चालवणारा निवडायचा, लिहिणारा निवडायचा, इतिवृत्त तपासणारे दोघं, मग सभा वैध आहे का ते. पिहला हे सगळं चार मिनिटांत उरकते… तू लांबवशील? कसं?… तपासणाऱ्यांच्या निवडीला हरकत घेशील? आजवर कोणी घेतलेली नाही… घे बाबा. म्हण, मला त्यांचं अक्षर पाहायचंय. वीस मिनिटं पुरतील.

तिचा नंबर माझ्याकडे नाही. नियमाप्रमाणे सगळे नंबर जानेवारीत खोडले. तो एक नियम मी बरोबर पाळला… सांग… हं… हं… शेवटचे तीन परत सांग. चार, शून्य, सात. लिहिला.

शिफ्ट संपली असेल का तिची?… तीनला सुटते. अच्छा.

काय म्हणू आधी? "हेल्का, मी साइमी. मागच्या वर्षीची अध्यक्ष. आपण कधी बोललेलो नाही." हे खरं आहे ना, कधीच नाही बोललो. अख्खं एक सत्र मी तिची अध्यक्ष होते. मग म्हणते, तक्त्यात एक सूत्र होतं… नको? मग?… आधी नुसतं "तू बरोबर आहेस" म्हणू?

"तू बरोबर आहेस. तू एकदाच दाबलं होतंस." हो. हे आधी. सूत्र तिने विचारलं तर.

आणि तिला राग आला तर?… ऐकून घेते. हो… तुझ्या बाजूने काही सांगू तिच्या आईला?… बरं, ते तू सांग. ते तुझं आहे.

तुला माझा राग आलाय ना… विचारलं नसतं तरी कळलं असतं, हो. ठीक आहे. राहू दे तो. सभेनंतर भेटशील का, पुलावर, दोन मीटर लांब उभा राहून का होईना?… "बघू." बरं. "बघू"सुद्धा पुरे आहे.

ठेव आता… नाही, तू ठेव. माझ्याच्याने ठेववत नाहीये… खरं सांगू? ती उचलणार नाही असं वाटतंय मला. आणि नाही उचलला तर बरं, असंही वाटतंय. हे आता तुझ्यासमोर बोलून बसले, म्हणजे उचलेपर्यंत मला लावत राहावं लागणार.

हो. उचलेपर्यंत.

ठेव, ओत्सो.