खंजिरी, पियानो आणि पार्टी

पुन्हा? मागच्या रविवारी तर सांगितलं ना बाप्पा... पुलाव गार होऊन राहिला माझा, आन् तुमचं आपलं, "सुखदेवकाका, ते ब्राझीलवाल्या बाईचं सांगा, रेकॉर्डचं सांगा!" भीमजयंतीचा कार्यक्रम झाला, वंदना झाली, चार भाषणं झाली, त्यातल्या एकाले तरी म्हटलं का कोणी, की पुन्हा सांग? मीच सापडतो. बरं, सांगतो. पण मधात हसायचं नाही.

तुमाले सांगतो, तीस वर्षं खंजिरी वाजवली मी नागपुरात. शाहीर यशवंताच्या पार्टीत. शाळा चौथीत सुटली, खंजिरी नाही सुटली. गिरणीची पाळी संपली का वस्तीवस्तीत भीमगीतं, बोटाच्या पेराले भेगा, आन् कॅसेटी निघाल्या तीन. तीन! कव्हरवर काय? "शाहीर यशवंता आणि पार्टी." पार्टी म्हणजे कोण? मी! आन् ढोलकवाला, आन् पेटीवाला, आन् मागं झील धरणारे दोघं. आमच्या गयाबाईनं, बायको माझी, तिनं ते कव्हर उलटं केलं, सुलटं केलं, म्हणे, "तुमी कुठं आहा याच्यात?" म्हटलं, "हे काय... आणि पार्टी!"

तर तो विषय संपला होता. पोरगी इंग्लंडले आली, मेडनहेडले घर केलं, मले बोलावलं सहा महिन्याच्या व्हिजावर. गयाबाई नाही आली. म्हणे, "मले नाही सोसत थंडी, तुमी जा, तेवढाच माझ्या कानाले आराम." ऐका!

इथं आमची धम्मशीला शनिवारी पियानो शिकाले जाते. चाळीस वर्षांची बाई, पण शिक बाप्पा. मले संगं नेते, कारण काय, तर "बाबा, तुमी घरी एकटे असले का स्मोक अलार्म वाजवता." एकदा वाजला! पापड भाजत होतो! तर ती शिकवणारी बाई, लुसियाना, ब्राझीलची. वाजवते पण आन् गाते पण. आन् गाते कशी? आमचा यशवंता गायला का तीन गल्ल्या उठून बसत. ही गाते तर वाटते, बाजूच्या खोलीत कोणी बिमार झोपलं आहे. जॅझ म्हणे ब्राझीलचं! मी आपला कोपऱ्यात. आता बोटं काय कोणाचं ऐकतात? खुर्चीच्या दांडीवर सुरू झाली. बाई थांबली. म्हटलं, झालं, वाजला अलार्म! तर ती आतून घेऊन आली काय? खंजिरी! तसंच कातडं, कडेले तशाच चकत्या... त्यांच्यात तिले काही दुसरं म्हणतात, पण नाव घेऊन काय करायचं, खंजिरी ती खंजिरी.

वाजवली. बाईचे डोळे हे एवढे! "सुकदेवो! अगेन! अगेन! ब्युटिफुल! लिटल फास्ट, बट ब्युटिफुल!" फास्टबिस्ट काही नव्हतं, तिचंच ढिलं होतं.

मग म्हणे, माझी रेकॉर्ड निघून राहिली, एका गाण्यात तुमी या. स्टुडिओ क्रॉयडनले. झालं! आमचा जावई प्रणय उभ्या जागी पांढरा पडला. नऊ वर्षं व्हिजाचे फॉर्म भरून भरून त्या पोराच्या अंगात रक्ताऐवजी शाई झाली आहे. "बाबा, क्रॉयडन? क्रॉयडनले व्हिजाचं ऑफिस आहे!" म्हटलं, मी काय त्यांच्या दारात वाजवून राहिलो? "बाबा, तुमचा व्हिजिटर व्हिजा आहे! काम अलाउड नाही!"

काम! अहो, सत्तर वर्षांत पहिल्यांदा कोणी म्हटलं, की खंजिरी वाजवणं हे काम आहे! गिरणीचा मुकादम म्हणे टवाळकी, गयाबाई म्हणे कटकट... हा म्हणते काम! माझं तर भरूनच आलं.

गेलो. ट्रेनमध्ये प्रणय टोपी नाकापर्यंत ओढून बसला, जसे आम्ही बँक लुटाले चाललो. स्टुडिओत कानावर डबे लावले, काचेमागं पोट्टे बसले, एकच गाणं नऊ वेळा वाजवलं. नवव्या वेळी बाईनं डोळे पुसले. मी नाही पुसले. मी एकच विचारलं. धम्मशीलेले म्हटलं, तिले विचार, कव्हरवर नाव येईल का? बाई म्हणे, "ऑफ कोर्स, सुकदेवो! फुल नेम!"

फुल नेम. सुखदेव किसन रामटेके. तुमाले सांगतो, पार्सल येईपर्यंत मी रोज दाढी केली.

आलं एकदाचं. ही मोठी काळी तबकडी! इंग्रजी मले येत नाही, पण माझं नाव ओळखतो, पासपोर्टवर पाहून पाहून. दिसेना. धम्मशीलेले म्हटलं, वाच. ती वाचते... पियानो आन् गाणं, लुसियाना. बास गिटार, अमका. ड्रम, तमका. मग थांबली.

"वाच ना!"

"बाबा... अँड फ्रेंड्स."

"म्हणजे?"

"म्हणजे... आणि मित्रमंडळी."

आणि पार्टी! विमानात दहा तास पाय आखडून बसलो, ब्राझीलच्या बाईपर्यंत पोचलो, आन् तिथं पण... आणि पार्टी!

प्रणय कुठं? प्रणय किचनमध्ये. धुतलेली भांडी पुन्हा डिशवॉशरमध्ये लावून राहिला. त्यानंच ईमेल टाकला होता बाईले, की सासऱ्याचं नाव छापू नका, व्हिजाची भानगड होईल. बाई बिचारी भ्याली, काढलं नाव. मी दोन दिवस बोललो नाही कोणाशी. प्रणयनं कान धरले, "चुकलो बाबा, घाबरलो मी." बाई केक घेऊन आली, रडली. धम्मशीलेनं तर काही केलं नव्हतं, तरी सॉरी म्हणाली. इथं राहून सवय आहे तिले, बसमध्ये दुसऱ्यानं पाय तुडवला तरी हीच सॉरी म्हणते. केलं माफ सगळ्याईले. काय करता?

मग नागपूरले फोन लावला. गयाबाईले काही सांगितलं नाही. "ऐक" म्हटलं, आन् फोन धरला तबकडीजवळ. पियानो... बाईचं ते बिमाराजवळचं गाणं... आन् मागून, हळूच, खंजिरी. तिकडचा टीव्ही बंद झाला. मग गयाबाई म्हणे, "अहो... हे तुमीच ना?"

म्हटलं, "कसं ओळखलं? नाव तर कुठंच नाही माझं."

म्हणे, "नाव कशाले पायजे? तिसऱ्या फेऱ्याले घाई करता ना तुमी. दुनियेत तशी घाई कोणी करत नाही."

घाई! मी! अहो, तीस वर्षं वाजवली... आता हसू नका म्हटलं होतं ना? गार झाला हा पुलाव पण. जावयानं माफी मागितली, ब्राझीलनं मागितली, पोरीनं फुकटात मागितली. नाव नाही तर नाही, राहिलो आणि पार्टी, सवय आहे. पण एका माणसाची माफी अजून बाकी आहे, आन् तिचं फुल नेम लिहून घ्या... गयाबाई सुखदेव रामटेके.