बन्सीकाकांचा शब्द

हॅलो? … रामकृष्ण हरी, सायली. मी मालनताई… व्हय, औरंगपुऱ्यातून. अप्पाराव महाराजांची, आण्णांची लेक.

कंपनीत जेवायची सुट्टी झाली ना? … वीस मिनिटं? बास झाली. तू जेव. खाता खाता ऐक.

आण्णा? … तसेच. उजवी बाजू हलत नाही, आणि बोलणं तर झटका आल्यापासून बंदच… आठ महिने झाले. … नाय गं, डोळे लख्ख आहेत. सगळं कळतं त्यांना.

अगं ऐक ना. त्यांचं पद मी कंपुटरवर उतरवून घेतेय, शाळेतल्या मुलींना बसवायला… तेच, कीर्तनात शेवटी म्हणायचे ते. 'तांब्या भरुनी ठेविला दारी.' … वर सूर मांडायचे, खाली एकेक अक्षर. एक टाइप केलं की आपोआप पुढच्या सुराखाली जातं… सोपं आहे गं. अडलंय फक्त 'माघारी'पाशी.

'देवा येशील कधी' इथवर आण्णांचा आवाज. पुढचं 'माघारी' ते कधी म्हणायचेच नाहीत. हात वर करायचे, की मागून टाळ धरलेले बन्सीकाका उचलायचे… हो, हो, तुझ्या बाबांचाच तो शब्द. चाळीस वर्षं.

माझ्याकडं रेकॉर्डिंग आहे ते शेवटच्या कीर्तनाचं… हो, गंगापूरचं. बन्सीकाका गेल्यावर महिन्याभरानं. आण्णांनी सवयीनं हात वर केला असणार, आणि मागं… नुसता पखवाज वाजतोय. कुणाची छाती झाली नाय म्हणायची.

… जुनं कुठलं? आपण कुणीच केलं नाही. वाटायचं, आहेतच की दोघं.

तर तिथं सूरच नाही, विश्रांतीची खूण आहे. तिच्याखाली अक्षर बसतच नाही. 'मा' टाइप केलं की उडी मारून पुढच्या ओळीत. काल अख्खं पद एक शब्द पुढं सरकलं… हस, हस. मीही हसले आधी.

पण मी तपासायला ते रेकॉर्डिंग वाजवते ना, तेव्हा आण्णा शेजारच्या खोलीत असतात. ती जागा आली की त्यांचा हात वर जातो… डावा. उजवा गेला, तर डावा. … नाही, खाली येत नाही. पद संपतं, तरी वरच. डोळे दाराकडं. मी धरून खाली घेते, तर पुन्हा वर. … रोज, सायली.

आई रोज रात्री दारात तांब्या भरून ठेवायला लागलीय, पदातल्यासारखा. म्हणते, सकाळी पाणी कमी असतं… मी म्हणते, उकाड्यानं आटत असेल. काय म्हणू दुसरं?

… म्हणून पाहिलं ना मी. चार तऱ्हेनं म्हटलं. त्यांनी तोंड भिंतीकडं वळवलं. … तुला येतं. बाबांच्या मागं घरी म्हणायचीस, मी ऐकलंय. … ठाऊक आहे गं, ते गेल्यापासून तू गायली नाहीस… ठाऊक आहे मला. मुलींचं पद राहिलं तरी चालेल. पांडुरंगाला एवढंच मागते मी, तो हात खाली येऊ दे.

… लोक बघतात? मग बाहेर ये कँटीनच्या. गाड्या लावतात तिथं…

… रडून घे आधी. मी आहे.

म्हणतेस? … थांब, स्पीकरवर टाकते. उशाशी नेते… आण्णा, फोनवर सायली आहे. बन्सीकाकांची सायली. … सायली, मी पद लावते हं. तुझी जागा आली की उचल.

…

…

नाय, नाय, थांबू नकोस. चुकलं नाय काही. हात… खाली आला गं. मांडीवर ताल धरलाय त्यांनी.

… सायली, ओठ हलतायत.

… अगं, रेकॉर्डिंग केव्हाच बंद केलं मी. तो त्यांचाच आवाज आहे. ऐकू येतोय तुला? … 'वाट अंधारी…' दुसरं कडवं धरलं त्यांनी. … व्हय, तिथंही शेवटचा शब्द बाबांचाच. तयार राहा. आता येईल… आता…

हॅलो?

सायली? … हॅलो? … सुट्टी संपली का गं? …

हॅलो… अगं, आण्णांनी हात वर धरलाय.