रिबीन बांधलेली सीट

एक डिसेंबरची सकाळ, अमेरिकेतल्या माँटगोमेरीतली आमची नेहमीची सिटी बस. पुढच्या सीटला काळी रिबीन बांधून वर गुलाबाचं फूल ठेवलं होतं. म्हातारी अर्लीन टॉलिव्हर काठी टेकत चढली ती थेट त्या सीटकडेच वळली. ड्रायव्हर डेमंड हडबडला.

"मिस अर्लीन, तिथं नको! आज ती सीट रिकामी ठेवतात."

"का रे?"

"मान म्हणून. गोऱ्या माणसासाठी सीटवरून उठून मागे जायला ज्या काळ्या बाईनं नकार दिला, तिच्यासाठी. आज सत्तर वर्षं झाली."

"मला शिकवतोस? तिला पकडून नेलं, तेव्हापासून आम्ही काळ्यांनी बसवर बहिष्कार टाकला; माझी आई वर्षभर बसची पायरी चढली नाही. लोकांची धुणी धुवायला पायी जायची."

"म्हणूनच तर मान ठेवायचा ना!"

"ठेव की. पण माझ्या गुडघ्यांचं काय?"

"मागे भरपूर जागा आहे. मागे जाऊन बसा."



"काय म्हणालास, बाळा? जरा मोठ्यानं म्हण."

"तसं नाही हो... तोंडातून निघून गेलं."

"रविवारी चर्चमध्ये तुझ्या आजीला सांगू, नातवानं मला कुठं बसायला सांगितलं ते?"

"नको, नको! पण वरून हुकूम आहे, मिस अर्लीन."

"तेव्हाचा ड्रायव्हरही हेच म्हणाला असेल."

रिबीन सुटल्याचा आवाज आला.

"हे फूल राहू दे माझ्या मांडीवर. पोलीस बोलावतोस? त्यानं बोलावले होते."

"नाही, मिस अर्लीन. बसा तुम्ही."

"बसलेच आहे मी. तू गाडी सोड."