ताईंनी उपटलेली वायर

समारंभाचे अध्यक्ष असलेले आमचे संचालकसाहेब, त्यांच्या शेजारी अवघडून बसलेल्या, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या सत्कारमूर्ती ताई, ताईंचे यजमान, आणि मागच्या रांगेत चहाकडे डोळे लावून बसलेल्या बंधुभगिनींनो,

बोलायला उभं राहण्याआधी मी माइकची वायर तपासली. ताई जवळपास असताना वायरीवर विसंबू नये, हे मी पंधरा वर्षांपूर्वी शिकलो.

पाहुण्यांसाठी सांगतो. आम्ही रुग्णाला सलाइनमधून औषध देणारा पंप बनवतो. पंपाचा सेन्सर आणि आतला संगणक यांच्यात जो दुभाष्याचं काम करतो, त्या प्रोग्रामला ड्रायव्हर म्हणतात. माझा पहिला ड्रायव्हर तयार झाला होता. दुसऱ्या दिवशी शंभर पंप रवाना व्हायचे होते. ताई माझ्या टेबलापाशी आल्या आणि चालू पंपाच्या सेन्सरची वायर उपटली.

"ताई, असं कोण करतं?"

"वॉर्डात पलंग सरकवणारा करतो. स्क्रीन बघ."

वायर लोंबत होती, आणि स्क्रीन सांगत होता की औषध अगदी व्यवस्थित चाललंय.

काय झालं होतं? ड्रायव्हर आधी मेमरीत जागा घेतो, मग तिथे सेन्सरचे आकडे आणतो, मग ते स्क्रीनला देतो. बिघाड झाला की हे सगळं सोडायचं. मी सोडत होतो, पण घेतलं त्याच क्रमाने. जागा आधी सोडली, ती दुसऱ्याच कामाला मिळाली. पुढे गायब सेन्सरच्या उत्तराची वाट बघत ड्रायव्हर अडकला. स्क्रीनला थांबवायची पाळी आलीच नाही, आणि तो त्या परक्या जागेतून खुशाल आकडे वाचत राहिला.

"मोजे घालून बूट घालतोस ना?" ताई म्हणाल्या. "मग घरी गेल्यावर आधी मोजे काढतोस का?"

अध्यक्षमहोदय, तेव्हा आपण विभागप्रमुख होतात. "उद्या माल गेला नाही, तर तुमची खुर्ची मला वाचवता येणार नाही," असं आपण ताईंना म्हणालात. नकारार्थी मान हलवू नका, मी तिथेच होतो. आपल्या मागे, गप्प.

माल सोडायच्या कागदावर ताईंनी सही केली नाही. म्हणाल्या, "साहेब, पंप बंद पडून बोंबलला तर नर्स धावत येईल. पंप खोटं बोलला तर कोण येईल?"

माल तीन आठवडे थांबला. मित्रहो, "मला जमलं नाही" हे ज्या यंत्राला म्हणता येत नाही, ते यंत्र घातक आहे. आणि ज्या माणसाला म्हणता येत नाही, तो? त्या दिवशी चूक माझी होती आणि खुर्ची ताईंची पणाला लागली होती. ते ओझं मी आज या मंचावर उतरवतो आहे.

नोकरीला लागताना ताईंना आधी खुर्ची मिळाली, मग कपाटाची किल्ली, शेवटी पासवर्ड. आज सकाळी त्यांनी आधी पासवर्ड परत केला, मग किल्ली. सवय जात नाही. शेवटी खुर्ची ढकलत त्या साहेबांच्या दारात उभ्या राहिल्या.

साहेब म्हणाले, "ही नाही घेणार. अजून वापरात आहे. दर सोमवारी या आणि पोरांच्या वायरी उपटा."

ताई म्हणाल्या, "तुमचीही उपटेन."

साहेब म्हणाले, "म्हणूनच बोलावतोय."

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, ऋणी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर क्षमा असावी, पण आधी ते मला तोंडावर सांगा. चूक मुकाट्याने पोटात घालायची नाही, हा ताईंचा नियम आहे, आणि ताई सोमवारी येणार आहेत.