पाच स्टार आणि जयसिंगपूरची बस

...न्हाय, पण तुम्हीच सांगा पावणं, नव्या गाडीच्या दारावर दोन टिचक्या मारल्या तर त्या शोरूमवाल्याचं काय गेलं? "सर, प्लीज, पेंटला हात नको." अरे बाबा, तुझा रंग माझ्या टिचकीला भितोय, तर उद्या उसाची ट्रॉली आडवी आल्यावर काय करणार हाय? तुम्हाला सांगतो, माझी अख्खी हयात शिरोलीच्या फाउंड्रीत गेली. तितं ओतीव लोखंडाचं कास्टिंग गार झालं की हातोडीनं वाजवायचं. चांगलं असलं तर घुमतंय, आत चीर असली तर बद्द बोलतंय. आम्ही नारळ वाजवून घेतो, माठ वाजवून घेतो, आणि पोरगी ज्यात बसणार ती गाडी नुसता रंग बघून घेऊ व्हय? वाजवल्याबिगर घ्यायचं न्हाय!

पोरगी म्हंजे आमची संयोगिता. जयसिंगपूरला कॉलेजात शिकवती. गेल्या उसाच्या हंगामात, सांजच्याला, ती आणि तिच्याच कॉलेजातली प्रीती आमच्या जुन्या छोट्या गाडीतनं घरला येत हुत्या. म्होरं रस्त्यात उसाची ट्रॉली उभी. मागं दिवा न्हाय, रिफ्लेक्टर न्हाय, काय न्हाय. संयोगितानं गाडी उजवीकडं ओढली, ती वाचली, डावी बाजू आत गेली. डावीकडं प्रीती बसलेली. प्रीती गेली, पावणं. चांगली हसरी पोरगी, आमच्यात आली की थेट सैपाकघरात शिरायची. मी तितं पोचलो तवा त्या दाराचा फाटका पत्रा हातानं वाकवून बघितला. वाकला की हो, माझ्या ह्या हातानं वाकला. तवापासनं माझी झोप गेली आणि पोरगी चारचाकीत बसायची बंद झाली. मग मी मनात धरलं, असली दणकट गाडी आणायची की पोरीची भीतीच मोडली पाहिजे.

आता गाडी घ्यायची म्हटलं की आधी मेव्हणा येतो. आमचे उदयसिंह. "दाजी, जर्मनच घ्या. जर्मन लोखंड म्हंजे लोखंड." गेलो. शोरूममधी टाय लावलेला सम्राट नावाचा पोरगा. "सर, ही जर्मन गाडी आहे." म्हटलं, बांधली कुठं? "आपल्या महाराष्ट्रातच, सर." मग जर्मनीत काय केलं? "तिकडं विचार केला, सर." बरं. पलीकडच्या शोरूमला गेलो, नाव जपानी. "सर, ही गाडी आपण इथून परदेशात पाठवतो." मी म्हटलं, चांगल्या तिकडं धाडत असशीला आणि उरलेल्या कोल्हापूरला? त्यो माहितीपत्रक चाळाय लागला. तिसऱ्यानं छाती ठोकून सांगितलं, "आमची पूर्ण बाहेरून येते, सर." बाहेरनं म्हंजे कुठनं? "चेन्नईहून." आणि एकाचं बॉनेट उघडून आतलं कास्टिंग बघितलं तर मला आमची फाउंड्रीच आठवली. उदयसिंह मागनं कुजबुजतंय, "दाजी, गाडी घेताय का बैल? आता दात बी बघा." दात असतं तर बघितलं असतं की! वाजवल्याबिगर घ्यायचं न्हाय म्हंजे न्हाय.

शेवटी परत सम्राटकडं. "सर, सेफ्टीला पाच स्टार आहेत. आत बाहुल्या बसवून गाडी आदळतात. ड्रायव्हरची बाहुली सेफ, शेजारची बाहुली सेफ." मी त्याला म्हटलं, बाळा, बाहुलीच्या आईला कधी फोन करावा लागलाय का तुला? मी केलाय. प्रीतीच्या घरी मीच केला. त्यो पोरगा एकदम मऊ झाला, आणि तुम्हाला सांगतो, त्यानंतर त्यानं मला टिचकी मारायला एकदाबी अडवलं न्हाय. उलट म्हणाला, "सर, सावकाश वाजवा."

तवा म्हटलं, आता पोरीला दाखवायची. आली, आईच्या मोपेडवर मागं बसून. मी काय उत्साहात! दार लावून दाखवलं, धप्प. "ऐक की, कसा भरीव आवाज हाय!" उजवं दार वाजवलं, बॉनेट वाजवलं, डिकी वाजवली. ती डावीकडं जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, "पप्पा, डावीकडचं वाजवा."

गेलो पावणं डावीकडं. बोट उचललं, खाली घेतलं, परत उचललं. कशीबशी एक टिचकी मारली. घुमलं, चांगलं घुमलं.  सम्राट खाली फरशीकडं बघतोय, आमची मंडळी पदर तोंडाला लावून. संयोगिता म्हणाली, "घ्या ही."

घेतली! हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू, ती पाटाएवढी खोटी किल्ली हातात धरून फोटो. अंबाबाईला जाऊन आलो. संयोगितानंच बॉनेटला कुंकू लावलं. मी मनात म्हटलं, जिंकलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गाडी पुसून दारात उभी केली, तर ही पर्स अडकवून चालत निघाली. म्हटलं, अगं, कुठं? "स्टँडला. मी बसनं जातो." अगं मग ही कुणासाठी घेतली? पाच स्टार, जर्मन विचार!

तशी थांबली. म्हणाली, "गाडी चांगली हाय, पप्पा. पण गाडीत बसलं की शेजारची शीट मोकळी दिसती. बसमधी कोण ना कोण बसतंयच."

आता ह्याला काय करायचं, सांगा? ह्याचं उत्तर कुठल्या शोरूमला मिळतंय? जर्मनीत विचार करतात म्हणं, ह्याचा कुणी केलाय का? मी आपला पुसायचा फडका हातात धरून उभा. लई वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

म्हणून आता रोज सकाळी जयसिंगपूरची बस सुटली की तिच्या मागनं माझी गाडी. म्होरं बसचा पत्रा खडखडतोय, खिडक्या खुळखुळतात, मागच्या फळीला तार बांधलेली. कसली टिचकी मारताय, फुंकर मारली तर निखळंल! आणि आमची संयोगिता त्यात कुणा म्हातारीच्या खांद्याला टेकून निवांत झोपलेली. परवा कंडक्टर स्टँडवर उतरून माझ्या काचंपाशी आला. "पावणं, रोज बघतोय तुम्हाला. तिकीट काढून आत बसा की, डिझेल तरी वाचंल."

म्हटलं, नको. मागनं एखादी ट्रॉली आलीच, तर मधी मी हाय. वाजवून घेतलीया, पाच स्टार हायत... वाया कशाला घालवायचं?