स्टेअरिंगच्या जोडाचे दोन बोल्ट

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आमच्या गॅरेजचे मालक; प्रमुख पाहुण्या, डोंगरावरच्या दवाखान्याच्या डॉक्टरबाई; ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते आमचे थोरले मिस्त्री; पहिल्या रांगेतल्या त्यांच्या पत्नी, आम्हा सगळ्यांच्या वहिनी; आणि जमलेल्या बंधू-भगिनींनो,

मला बोलायची संधी दिलीत, मनापासून आभार. दोनच शब्द बोलणार आहे. खरं तर मघाशी मी बाहेर जायला उठलोच होतो, तेवढ्यात माझं नाव पुकारलं आणि मालकांनी दंडाला धरून माइकपुढे उभं केलं. माइक खरखरतोय का? असू दे. सकाळी मीच लावलाय तो.

मिस्त्रींबद्दल मी काय सांगावं? बावीस वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझं नाव 'धांदल' ठेवलं. इथल्या निम्म्या लोकांना माझं खरं नाव ठाऊकही नसेल. हसताय काय? तुम्हालाही ठाऊक नाही!

डॉक्टरबाई आत्ताच त्यांच्या जीपबद्दल बोलल्या. दगडाधोंड्यांत मोठी चाकं चालावीत म्हणून ती उंच करून दिली होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. खालचा सांगाडा आणि वरची बॉडी यांच्यामध्ये ठोकळे घालायचे आणि लांब बोल्टांनी आवळायचे. एकूण दहा बोल्ट. ऐकायला सोपं आहे, नाही का? पण बॉडी वर गेली की बाकीचं सगळं तोकडं पडतं. नळ्या ताणतात, वायरी ओढल्या जातात, आणि स्टेअरिंगचा दांडा आखूड पडतो. त्याला मध्ये जोड द्यावा लागतो. त्या जोडाला दोन बोल्ट. तेवढे दोन सैल राहिले, तर स्टेअरिंगचं चाक तुमच्या हातात नुसतंच फिरतं आणि गाडी आपल्या मनाने जाते.

म्हणून मिस्त्रींचा एक दंडक आहे. बोल्ट टॉर्कच्या पान्याने आवळायचा, ठरलेला जोर बसला की पाना 'टक्' वाजतो तो ऐकायचा, आणि मगच त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. ज्याने आवळला त्यानेच रेघ ओढायची. डॉक्टरबाईंच्या जीपच्या वेळी त्यांनी आवळलेल्या एका बोल्टवर मी रेघ ओढली, मदत म्हणून. मिस्त्रींनी पाना उचलला. सगळे बोल्ट सैल केले आणि पाना माझ्या हातात दिला. मी मनातल्या मनात त्यांना काय काय बोललो, ते वहिनींसमोर सांगता येणार नाही.

आता दाराकडे बघतोय म्हणून रागावू नका. दारातून अंगणातली ती हिरवी जीप दिसतेय ना? मिस्त्रींची स्वतःची. जन्मभर लोकांच्या गाड्या उंच केल्या, स्वतःची राहूनच गेली. म्हणून आम्ही सगळ्यांनी ठरवलं की आज ती उंच करूनच त्यांच्या हाती द्यायची. माझं भाषण शेवटचं. ते झालं की मिस्त्री आणि वहिनी तिच्यातूनच थेट घाट उतरून वहिनींच्या बहिणीकडे निघणार आहेत. वहिनींची पिशवी मागच्या सीटवर कधीच जाऊन बसलीय.

आणि निघण्याआधी मिस्त्री आणखी एक गोष्ट जाहीर करणार आहेत. उद्यापासून त्यांची जागा कोणाला द्यायची ते. नाव सगळ्यांना माहीत आहे. बावीस वर्षं मी त्या नावाची वाट बघितली. माझ्या बायकोने तर नवा शर्ट आणला, हा बघा, इस्त्रीची घडीसुद्धा मोडली नाही.

तर... मिस्त्रींचे गुण किती सांगावेत? त्यांची शिस्त. त्यांचा संयम. त्यांची... नाही हो, जमत नाही मला. पाणी नको, राहू द्या.

सकाळी रंग वाळायला वेळ लागेल म्हणून मी रेघा आधीच ओढून ठेवल्या. सगळ्या. बाराच्या बारा. म्हटलं, नंतर आवळतोच आहे, मीच तर आवळणार आहे. ठोकळ्यांचे दहा आवळले. दहा वेळा 'टक्' ऐकलं, शपथेवर सांगतो. स्टेअरिंगच्या जोडाचे दोन हाताने बसवले, आणि तेवढ्यात कोणीतरी ओरडलं, "धांदल, माइक चालत नाहीये, पाहुण्या आल्या!" मी धावलो. परत आलो ते थेट गाडी अंगणात लावायला. स्टेअरिंग वळलं, गाडी वळली. पण शंभर पावलं काय, हाताने बसवलेला बोल्टही धरतो.

मघाशी डॉक्टरबाईंनी पिवळ्या रेघांचं कौतुक केलं आणि मी मनातल्या मनात 'टक्' मोजायला लागलो. ते दोन 'टक्' मला आठवत नाहीत. किती आठवून पाहिलं! आणि आता वाकून बघूनही कळायचं नाही, कारण रेघ तर आहेच. मीच ओढलीय.

वहिनी, घाबरू नका. वहिनी, रडू नका ना. अजून कोणी कुठे गेलेलं नाही.

काय म्हणालात, मिस्त्री? हो. दोन्ही. दोन्ही आठवत नाहीत... मालक, जरा थांबा, मी विनोद करत नाहीये. काय? मागच्यांना ऐकू आलं नसेल, म्हणून सांगतो. मिस्त्री म्हणतायत, "चावी माझ्या खिशात आहे, गाडी हलत नाही. तू आधी भाषण पुरं कर. एक काम अर्धं टाकलंस तेवढं बस झालं."

ठीक आहे. पुरं करतो.

मिस्त्री, सगळ्यांसमोर बोलतो म्हणजे मला पळवाट उरणार नाही. ते बोल्ट आता मी आवळणार नाही. तुम्ही कोणालाही सांगा, मी उजेडासाठी बॅटरी धरून उभा राहीन. आणि ते घट्ट निघाले, तरी आज माझं नाव जाहीर करू नका. घट्ट निघाले तर ते माझं नशीब, काम नव्हे. या खुर्चीवर बसल्या बसल्या मी पाच मिनिटं गप्प राहिलो, मिस्त्री. नावासाठी गप्प राहिलो. वहिनी गाडीत बसणार हे ठाऊक असून गप्प राहिलो. तुम्ही राहिला नसतात.

अध्यक्षांचे, डॉक्टरबाईंचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या तुम्हा सर्वांचे आभार. माझ्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला. सकाळी मी जे केलं ते मात्र कोणी पोटात घालू नका, आणि मिस्त्री, तुम्ही तर मुळीच नाही.